मास्तरांचा मायक्रोस्कोप आणि माझी पितळेची नळी

कानस मारली की पितळेचा चुरा पडतो. पडताना दिसत नाही. आठवड्याने पाट झाडायला घेतला की डबाभर निघतो. किस्से असेच साचतात. आम्ही चार म्हातारे डिचोलीत एका घरात बसून एक सरळ काम करत होतो. किस्से करायचे म्हणून कुणी बसलं नव्हतं. पण आता कुठे लग्नाला किंवा बाराव्याला गेलो की लोक मला धरतात, "दाजी, ती ट्रकांची गजाल सांगा मरे!" मला फार बोलायची सवय नाही. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

काम म्हणजे मायक्रोस्कोपला कॅमेरा जोडायचं.

मायक्रोस्कोप मास्तरांचा. मास्तर हायस्कुलात जीवशास्त्र शिकवायचे. मूळचे हरमलचे, नोकरीमुळे डिचोलीत राहिले. शाळेने जुने मायक्रोस्कोप मोडीत काढले तेव्हा त्यांनी एक रीतसर विकत घेतला. लोक निवृत्त झाल्यावर देवळात जाऊन बसतात. मास्तर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले.

मग डोळाच बिघडला. पणजीच्या डॉक्टरने सांगितलं, नजर मधोमध जात चालली आहे, कडेची राहील. माणूस समोर आला तर मास्तरांना त्याचे कान दिसत, तोंड दिसत नसे. मायक्रोस्कोपात तर नुसता डाग.

तेव्हा मास्तर आम्हाला म्हणाले, "पूर्ण जावच्या आधी माका एकदा माझी हरमलची वाळू बघूक होयी. मोठी करून. टीव्हीर."

हरमलच्या वाळूत वाळूच्या कणाएवढेच बारीक शंख असतात. आत राहणारा जीव एका पेशीचा. मास्तरांनी तरुणपणी ते ओल्या ब्रशाने एकेक उचलून काचपट्टीवर लावले होते. ती काचपट्टी त्यांनी कापसात ठेवली होती, बायकांचे मोती असतात तशी.

आता कोण कोण ते सांगतो. मी कांसार. समया करतो. चौथी शिकलो आणि बापाच्या भट्टीवर बसलो. प्रेमानंदचा बाजारात फोटो स्टुडिओ. उल्हास पूर्वी मिनेराचे, म्हणजे खाणीच्या मालाचे ट्रक चालवायचा, आता सुपारीचं कुळागर करतो. आणि मास्तरांची बायको, आमची वहिनी. तिचं जेवायचं टेबल आम्ही घेतलं. ती ओट्यावर जेवू लागली. तक्रार केली नाही. फक्त चहात साखर कमी केली.

पहिल्या दिवशी प्रेमानंदने आपला मोबाईलच मायक्रोस्कोपवर धरला. समोर कांद्याची साल. त्याचा हात कापत होता. फोटोत ढग आले. दुसरा काढला, त्यात त्याचंच बोट. तिसरा काढताना सवयीने त्याच्या तोंडून निघालं, "हां, स्माइल!"

मास्तर म्हणाले, "प्रेमा, कांदो हसना नाय. रडयता."

* * *

हाताने धरून होणार नाही हे ठरलं. कॅमेरा घट्ट बसायला हवा. दुकानात मिळणारी नळी ह्या जुन्या मायक्रोस्कोपला बसत नव्हती. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "माप द्या."

प्रेमानंदच्या स्टुडिओतला कॅमेरा घेतला, त्याच्या तोंडाला प्लास्टिकचं झाकण असतं. त्याला मधोमध भोक पाडलं. त्यात बसेल अशी पितळेची नळी ओतली, लेथवर फिरवली, खालचं तोंड मायक्रोस्कोपच्या नळीवर बसवलं. ढिली नाही, आवळ नाही. समईचे मजले जसे एकमेकांवर बसतात तशी. मग तीन दिवस पॉलिश केलं. बाहेरून केलं आणि आतूनही केलं. माझ्या भट्टीतून आतून खडबडीत वस्तू आजवर गेलेली नाही.

कॅमेरा चढवला. वायर टीव्हीला लावली. पानाचा एक तुकडा खाली ठेवला. टीव्हीवर पान दिसलं आणि पानाच्या बरोबर मधोमध लख्ख प्रकाशाचं वर्तुळ!

उल्हासने चप्पल काढून हात जोडले. "देवाच्या फोटोक मागे असता, तसां!"

दुसरं पान ठेवलं. प्रभामंडळ. माशीचा पंख ठेवला. माशीलाही प्रभामंडळ.

प्रेमानंदने नळी काढून आत बघितलं आणि त्यात त्याला स्वतःचं नाक दिसलं. तो हळूच म्हणाला, "दाजी, रागावू नकात. नळी आतसून काळी होयी. तुमच्या पॉलिशीर उजवाड आपटता आणि परत येता."

मी रागावलो. जन्मभर लोकांना सांगत आलो की समईवर काजळी धरू देऊ नका, चिंच लावा, राख लावा, घासा. आणि आता मीच माझी वस्तू काळी करू? नळी उचलली आणि घरी आलो. दोन दिवस गेलो नाही.

तिसऱ्या दिवशी दिव्याची वात मोठी केली आणि नळी ज्योतीवर धरली. आतून कोळशासारखी काळी झाल्यावर मास्तरांच्या टेबलावर आणून ठेवली. प्रभामंडळ गेलं. कुणी काही बोललं नाही. मला वाटलं, चला, समज आहे सगळ्यांना.

तेवढ्यात उल्हास म्हणाला, "दाजी, काळी होयी होती तर माका सांगाचां! आमच्या घरची समई पाठयली असती. ती आतसून भायरसून सगळी तयारच आसा!"

* * *

चित्र स्वच्छ दिसायला लागल्यावर जो तो आपली वस्तू घेऊन येऊ लागला. उल्हासने आपल्या विहिरीचं पाणी आणलं. एक थेंब काचेवर ठेवला.

टीव्हीवर एक काळं जनावर दिसलं. वाकडं अंग, तीन पाय, एक शेपटी. हलत नव्हतं.

उल्हासचं तोंड उतरलं. "मास्तर, ह्यां काय?"

मास्तर टीव्हीला कान लावल्यासारखे तिरके उभे राहिले, कारण त्यांना कडेने दिसतं. म्हणाले, "काळां कायतरी दिसता. ह्यां मी कधी बघूक नाय."

मास्तरांनी बघितलं नाही म्हणजे जगात नाही असं आम्ही धरून चालायचो. उल्हास तसाच उठून गेला. विहिरीत औषध ओतलं. पाणी गुलाबी झालं. घरातली माणसं गुलाबी पाण्याने अंघोळ करून गुलाबी पंचाने अंग पुसायला लागली. सुनेने माहेरची वाट धरली. उल्हास शेजाऱ्याकडून घागर आणायचा आणि शेजारी विचारेल म्हणून रात्रीचा जायचा.

आठवड्याने त्याने पुन्हा पाणी आणलं. जनावर तिथेच!

"औषधानसुदा मराक नाय!" उल्हास खुर्चीत बसला.

प्रेमानंद म्हणाला, पेपरवाल्यांना बोलवू, नवीन जीव असेल, डिचोलीचं नाव होईल. मास्तर म्हणाले थांबा. त्यांनी वहिनीकडून मीठ मागितलं. मिठाच्या पाण्यात जनावर. साखरेत जनावर. प्रेमानंदच्या घरी हुर्राक होती, तिचा थेंब आणला. त्यातही जनावर, आणि जरासुद्धा झिंगलेलं नाही! शेवटी मास्तरांनी काच पुसली आणि रिकामीच ठेवली. रिकाम्या काचेवर जनावर ऐटीत बसलेलं.

प्रेमानंदने कॅमेरा सोडवला आणि आत फुंकर मारली. काळी कपची उडून टेबलावर पडली.

उल्हास म्हणाला, "म्हणजे माझी बाव शुद्ध?"

"शुद्ध," मास्तर म्हणाले.

"मगे ता जनावर खंयचां?"

सगळे टेबलावरच्या काजळीकडे बघत होते. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं.

मी म्हटलं, "माझां."

त्यानंतर मास्तरांनी शाळेच्या फळ्याला देतात तो काळा रंग आणला. तो नळीत आतून दिला. अजून टिकून आहे.

* * *

ट्रकांची गजाल ती ही.

मास्तरांचं घर मोठ्या रस्त्याला लागून. मिनेराचे ट्रक पुन्हा सुरू झाले होते. ट्रक गेला की टेबल हलतं. डोळ्याला ते कळत नाही, पण वस्तू शेकडो पटीने मोठी केली की तिचं हलणंही तेवढंच मोठं होतं. प्रत्येक फोटोत एका पेशीच्या चार पेशी. आम्ही टेबलाखाली गोणपाट घातलं, सायकलची ट्यूब घातली. काही फरक पडला नाही.

उल्हास म्हणाला, "थांबा. सगळे डायवर माझ्या वळखीचे आसत."

तो रस्त्यावर गेला आणि मधोमध उभा राहिला. पहिला ट्रक थांबला. ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं. "काय उल्हासदादा?"

"दोन मिनिटां उभो रव. इंजिन बंद कर."

ओळखीचा माणूस. त्याने केलं. मागचा थांबला. त्याच्या मागचा थांबला. आत प्रेमानंद फोकस लावत होता आणि प्रेमानंदचं दोन मिनिटांत काही होत नाही. लग्नात नवरा-नवरीला तो मंगलाष्टकं संपल्यावरसुद्धा हलू देत नाही.

डिचोलीत ट्रक अडवले की लोकांना आंदोलनाशिवाय दुसरं काही सुचत नाही. धूळ खाऊन सगळेच वैतागलेले. हां हां म्हणता माणसं जमली. कुणी म्हणालं, ट्रकांना वेळ ठरवून द्या. कुणी म्हणालं, रस्त्यावर पाणी मारा. एक बाई घरातली धुळीने लाल झालेली चादर घेऊन आली आणि तिने ती ट्रकाच्या तोंडावर पसरली. कुणीतरी घोषणा सुरू केली. उल्हास मधोमध उभा, म्हणून तोच पुढारी! त्याच्या गळ्यात एकाने हात टाकला आणि म्हणाला, "आमी तुमच्या वांगडा आसंव."

पोलीस आला. त्याच्या मागोमाग एक पेपरवाला पोरगा आला, मोबाईल पुढे करून. "तुमच्या मागण्या काय आहेत?"

उल्हास खोटं बोलत नाही. म्हणाला, "मागणी एकच. दोन मिनिटां कोणी हलू नकात."

त्याच वेळी आतून प्रेमानंद ओरडला, "झालो! बरो इलो!"

उल्हास गर्दीला म्हणाला, "झालां, आता जावा," आणि घरात आला. पोलीससुद्धा विचारायला मागे आला. आम्ही त्याला टीव्हीवर कांद्याची साल दाखवली. तो बराच वेळ बघत राहिला. मग टोपी काढून म्हणाला, "ह्याच्यासाठी?"

मास्तर म्हणाले, "होय. रोज दुपारी जमात?"

* * *

उल्हासच्या कुळागरात पावसात सुपारीला रोग पडला. कच्ची फळं डाग पडून गळायला लागली. मास्तर म्हणाले, डागाचा मोठा फोटो काढून शेती खात्यातल्या साहेबाला दाखवू, म्हणजे औषध नेमकं मिळेल. सुपारीच्या सालीचा पापुद्रा काढला. वर पांढरी बुरशी, कापसाच्या तंतूंसारखी. फोटो उत्तम आला. प्रेमानंद म्हणाला, "मी बरो प्रिंट काढून हाडतंय. मोठो. चकचकीत."

दोन दिवसांनी उल्हास तो प्रिंट आणि रोगट सुपाऱ्यांची पिशवी घेऊन साहेबाकडे गेला. साहेब माणूस सज्जन. त्याने फोटो हातात घेतला, चष्मा लावला, खिडकीशी नेला.

"सुंदर!" साहेब म्हणाला. "इतकी निरोगी साल मी बघितली नव्हती. काय घालता झाडाला?"

उल्हासने पिशवी टेबलावर उलटी केली. सडक्या सुपाऱ्या घरंगळल्या. साहेब सुपारीकडे बघतो, फोटोकडे बघतो.

उल्हास तिथून तडक स्टुडिओत. मीही तिथे बसलो होतो. उल्हासने फोटो काउंटरवर आपटला. "प्रेमा, बुरशी खंय गेली?"

प्रेमानंद खुशीत हसला. "काढली! सगळे डाग काढले. रात्रभर बसलंय कंप्युटरार. नवरीच्या तोंडावरचे पुटकुळ्ये काढतंय मरे मी, सुपारीचे काय घेवन बसलंस?"

उल्हास काउंटरवर पुढे वाकला. त्याचा हात वर गेला होता, तो मी धरला.

प्रेमानंदला अजून कळलं नव्हतं. तो म्हणाला, "वायच गोरीसुदा केलंय."

* * *

मायक्रोस्कोपात सगळं उलटं दिसतं. काच डावीकडे सरकवली तर टीव्हीवर वस्तू उजवीकडे पळते. पुढे ढकलली तर मागे येते. मास्तरांच्या हाताला ती सवय होती, पण त्यांना आता कडांशिवाय काही दिसत नव्हतं. मी सरकवायला गेलो की वस्तू पडद्याबाहेर. प्रेमानंद तर वस्तू शोधताना काचेच्या बाहेरच जायचा.

उल्हास बसला आणि पहिल्याच फटक्यात वस्तू मधोमध आणली.

"कसां जमलां?" मास्तरांनी विचारलं.

"जल्मभर आरशात बघून ट्रक मागे घेतलंय," उल्हास म्हणाला. "उजवां तां डावां."

तेव्हापासून मायक्रोस्कोपची चाकं उल्हासकडे. त्याला मात्र क्लीनर लागतो. म्हणून प्रेमानंद टीव्हीशी उभा राहायचा आणि भिंतीवर थाप मारायचा. "येंव दी... येंव दी... वायच डावी मार... बस्स!" रस्त्यावरून जाणारे थांबून बघायचे. मास्तरांच्या अंगणात ट्रक नसायचा.

एके दिवशी मास्तरांनी कापसातून ती हरमलची काचपट्टी काढली. आज हिलाच लावा म्हणाले. मास्तरांनी ती स्वतः बोटांनी चाचपून जागेवर बसवली.

उल्हास भिंग खाली आणू लागला. प्रेमानंद टीव्हीशी. "येंव दी. धुरकट आसा. अजून येंव दी. आता वायच दिसता. येंव दी... येंव दी..."

कट् असा आवाज आला. बारीक. पापड मोडतो एवढाच.

भिंग काचेतून आरपार गेलं होतं. तरुणपणी ओल्या ब्रशाने एकेक करून लावलेलं सगळं पांढरं पीठ झालं.

प्रेमानंदचा हात भिंतीवरच राहिला. उल्हास चाकं सोडत नव्हता, जणू सोडली तर आणखी काहीतरी मोडेल. मी मास्तरांकडे बघितलं नाही.

मास्तरांनी बोटाने ते पीठ चाचपलं. मग म्हणाले, "उल्हास, क्लीनर बदल."

प्रेमानंद तिथून निघून मागल्या दारी गेला. बऱ्याच वेळाने आला, तोंड धुतलेलं होतं.

* * *

पाऊस सरला होता आणि नवीन वाळू आणायला हवी होती. मास्तर म्हणाले, "कित्याक?" उल्हास म्हणाला, "विचारू नकात. गाडीत बसा."

अलीकडच्या मोरजीच्या किनाऱ्यावर थांबायचं नाही हे आधीच ठरवलं. तिथे कासवं अंडी घालतात. चार म्हातारे चाळण घेऊन वाळू उकरताना दिसले तर राखणदाराला काय सांगणार? सरळ हरमल गाठलं.

मास्तरांना जागा पाठ होती. खडकाजवळ, भरती जिथवर येते ती रेघ. आम्ही चौघे गुडघ्यांवर बसलो. मी वाळू चाळायची, उल्हासने पाण्यात ढवळायची, प्रेमानंदने भिंगातून बघायची. मास्तर दोन बोटांत वाळू चोळून सांगायचे, हिच्यात आहे, हिच्यात नाही.

शॅकमधली एक बाई आली. "काय सांडलां, काका?"

मास्तर म्हणाले, "बारीक वस्तू आसा गो. दिसना नाय."

बाईने डोक्याला हात लावला. "भांगराची?" आणि वस्तू सोन्याचीच असणार असं धरून, उत्तराची वाट न बघता तीही गुडघ्यांवर बसली. तिने आपल्या पोरांना हाक मारली. पोरांनी मासेवाल्यांना सांगितलं. जाळं दुरुस्त करत बसलेले दोघे उठून आले. गोरे लोक ऊन खात पडले होते, त्यांनाही कुणीतरी हातवारे करून सांगितलं. एक गोरी बाई आपली चटई बाजूला टाकून वाळू उपसायला लागली. थोड्या वेळात अर्धं हरमल पालथं! मोटारसायकली भाड्याने देणारा गिऱ्हाईक सोडून आला. मी दोनदा सांगितलं, काही हरवलेलं नाही. तो म्हणाला, "दाजी, लाज कसली? जाता कधी कधी."

एका दाढीवाल्या गोऱ्याने आरोळी ठोकली. हातात कानातलं. खरंच सोन्याचं होतं, वाळूत कधीपासून पडलेलं कुणास ठाऊक. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मिरवणूक करून ते मास्तरांच्या तळहातावर आणून ठेवलं. शॅकवाल्या बाईच्या डोळ्यांत पाणी.

मास्तरांनी ते चाचपलं आणि परत दिलं.

"आमचां न्हय. आमचां ह्याच्यापेक्षा बारीक."

बाईने कानातल्याकडे बघितलं, मास्तरांकडे बघितलं, मग आम्हा तिघांकडे. म्हणाली, "ह्याच्यापेक्षा बारीक भांगर सांडलां, आणि चौघे जाण सोदूक इलात?"

कानातलं तिच्याकडेच ठेवलं. कुणी विचारत आलं तर दे म्हटलं. वाळू घेऊन घरी आलो.

* * *

दिवाळीचे दिवस तोंडावर होते. वहिनी स्वयंपाकघरात नेवऱ्या, म्हणजे करंज्या, करत होती. मास्तरांची नजर त्या पावसाळ्यात आणखी उतरली होती. आम्ही एकमेकांत ते बोलत नव्हतो. वाळूतले शंख प्रेमानंदने निवडले. त्याने हाताची थरथर थांबावी म्हणून कोपर पाटावर दोरीने बांधून घेतलं होतं. माझी नळी चढवली. पावसानंतर ट्रक अजून सुरू झाले नव्हते. उल्हासने भिंग आधी खाली नेलं, बाजूने बघून, आणि मग वर आणलं. भिंग वर आणताना काच मोडत नाही हे आम्ही शिकलो होतो.

टीव्हीवर एक शंख आला. सगळा पडदा भरून. असं स्वच्छ चित्र आमचं आधी कधी आलं नव्हतं.

मास्तर उठले. टीव्हीजवळ गेले. उजवीकडून बघितलं, डावीकडून बघितलं. कोंबडी दाण्याकडे बघते तशी मान केली. मागे सरले, पुढे आले.

"पांढरां आसा," ते म्हणाले. मग विचारलं, "कसो आसा? सांगा."

उल्हास म्हणाला, "टायरासारखो."

प्रेमानंद म्हणाला, "फोकस फस्क्लास आसा, मास्तर. उजवाड बरो पडला."

मी म्हटलं, "गोल आसा." दुसरं काही सुचलं नाही. समईची एक रेघ चुकली तर मला अंधारात कळते, पण हे काय आहे ते सांगता येईना.

मास्तर खुर्चीवर बसले. "बरां," म्हणाले. "बरां केलात तुमी सगळां. आता बंद करा."

कुणी उठलं नाही. उल्हासने चाकांवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

वहिनी चहा हवा का विचारायला दारात आली. हात पिठाने भरलेले. तिने टीव्हीकडे बघितलं.

"अगे बाय! ह्येका मुरड कोणी घातली?"

मास्तरांनी मान वर केली. "कसली मुरड?"

"नेवरेक घालतत तशी. कडेन. पण ही माझ्यापेक्षा बारीक आसा. हातान घालूक जमाची नाय." ती दोन पावलं आत आली. "शेवटाक मात्र सुटली हा. हंय तोंड उघडां आसा. सारण भायर येयत."

"उघडां? शेवटचां?" मास्तर उभे राहिले. "थंय तो जीव रवता! बाकीचे कप्पे जुने, थंयसून तो भायर पडता आणि नवो बांधता!" आणि त्यांनी एक लांब नाव घेतलं, परक्या भाषेतलं. जसं काही ओळखीचा माणूस स्टँडवर भेटला. मग म्हणाले, "उल्हास, दुसरो लाव."

उल्हासने लावला.

"ह्यो शिरवळ्यांचो गुंडो, शेवयांसारखो," वहिनी म्हणाली. "मधी सुरू केलो आणि भायर भायर घेत गेलो."

मास्तरांनी नाव घेतलं.

"ह्यो लसणीचो कांदो. पाकळी पाकळी चिकटली हा."

मास्तरांनी नाव घेतलं.

"हेका जाळी पडली. आंबोळयेक पडता तशी. पीठ बरां आंबलेलां दिसता."

"जाळी?" मास्तरांचा आवाज वर्गातला झाला. "कसली जाळी? नीट सांग. भोकां सारखी आसत काय ल्हान-मोठी? ओळीन आसत? अशां अर्ध्यार बोलूचां नाय. आधी कडेकडसून सुरू कर, मगे—"

वहिनी वळली.

"जल्मभर तुमी एकट्यान बघलात. मी चाय हाडून ठेवी आणि तुमच्या पाठीकडे बघी. एक दिस म्हणालात, 'ये, बघ'? आता दिसता तर बघूक द्या माका. गप रवा."

मी त्या घरात इतकी वर्षं येतो, तिचा एवढा आवाज ऐकला नव्हता.

वहिनीने प्रेमानंदला खुर्चीवरून उठवलं, ती खुर्ची टीव्हीसमोर ओढली आणि बसली. पिठाचे हात मांडीवर. टीव्हीचा उजेड तिच्या तोंडावर. उल्हासने न विचारता पुढचा शंख लावला.

ती बघत राहिली. स्वयंपाकघरातून तेल तापल्याचा वास आला. प्रेमानंद पाय न वाजवता गेला आणि गॅस बंद करून आला.

मास्तर खुर्चीच्या मागे येऊन उभे राहिले होते. टीव्हीकडे त्यांचं तोंड नव्हतं, वहिनीकडे होतं.

"आता काय दिसता गो?" त्यांनी हळू विचारलं.

"थांबा," वहिनी म्हणाली. "बघतंय मी."

मास्तर थांबले.